ग्रंथालयांना आलेला आहेर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आपल्याकडे लग्नकार्यात एक वही असते. मांडवाच्या कडेला घरातला कुणी विश्वासू माणूस ती घेऊन बसतो आणि आलेला आहेर टिपून ठेवतो. अमक्यांकडून पातळ, तमक्यांकडून एकशे एक रुपये. कार्य उरकले म्हणून ही वही कुणी रद्दीत घालत नाही. पुढे त्या घरी कार्य निघाले, की ती काढून पाहतात. आहेराला किंमत लावलेली नसते, पण त्याची आठवण ठेवायची असते. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत अशा देण्याला ‘कोहा’ म्हणतात. आज मी ज्या संगणकप्रणालीविषयी बोलणार आहे, तिचे नावही कोहाच आहे.

सुरुवात जवळच्या अनुभवाने करतो. माझ्या ओळखीचे तालुक्याच्या गावचे एक जुने वाचनालय आहे. त्यांनी १९९८ साली देणग्या जमवून संगणक घेतला आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विक्रेत्याकडून ग्रंथालयाची प्रणाली बसवून घेतली. दोन मुलींनी दीड वर्ष खपून बावीस हजार पुस्तकांच्या नोंदी मराठीत टंकित केल्या. गावाला मोठे कौतुक वाटले. २००६ साली तो संगणक बंद पडला. तोवर विक्रेत्याने दुकान गुंडाळले होते. प्रणाली चालायला संगणकाच्या मागे एक छोटी कुलूपवजा डबी, म्हणजे डाँगल, लावावी लागे. नव्या संगणकाला ती बसेल अशी खाचच नव्हती. मला बोलावणे आले म्हणून मी एका तरुणाला घेऊन गेलो. त्याने खटपट करून आतली माहिती बाहेर काढली. पडद्यावर उमटली ती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी! नोंदी ज्या फाँटमध्ये टंकित केल्या होत्या, तो फाँट त्या प्रणालीबरोबरच गेला होता. एक कुलूप उघडले, तर आत दुसरे. शेवटी ग्रंथपालबाईंनी कपाटातून जुन्या दाखल नोंदवह्या काढल्या आणि पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली. शाईने लिहिलेल्या त्या वह्या साठ वर्षांच्या होत्या आणि सगळ्या वाचता येत होत्या.

पुस्तके वाचनालयाची, श्रम वाचनालयाचे, पैसे गावाचे. मग नोंदी कुणाच्या? आज आपण ज्या निवडीविषयी बोलणार आहोत, तिचे मूळ या प्रश्नात आहे. एका बाजूला कंपनीने बांधलेली, मालकी हक्काची, आतून न दिसणारी प्रणाली आणि दुसऱ्या बाजूला मुक्त स्रोत प्रणाली, जिची आज्ञावली कुणीही उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. पण हा वाद समजायचा, तर थोडे मागे जायला हवे.

ग्रंथालये एकमेकांचे काम वाटून घ्यायला संगणकाच्या कितीतरी आधी शिकली होती. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना पुरवायला सुरुवात केली. एका ठिकाणी एका जाणकाराने पुस्तकाची नोंद नीट केली, की शंभर ठिकाणी ती पुन्हा करण्याची गरज उरली नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच ग्रंथालयात हेन्रिएट अ‍ॅव्रम या संगणकतज्ज्ञ बाईंनी हीच पत्रे यंत्राला वाचता यावीत अशी मांडणी तयार केली. तिला ‘मार्क’ म्हणतात. लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या घरात, शीर्षक २४५ क्रमांकाच्या घरात, अशी ही शिस्त. ही मांडणी कुणा कंपनीच्या मालकीची राहिली नाही, हे फार बरे झाले. नोंद मार्कमध्ये असेल, तर ती एका प्रणालीतून उचलून दुसरीत ठेवता येते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला नेमके हेच साधले नव्हते.

आपल्याकडे ग्रंथालयांत संगणक रुळला तो मुख्यतः युनेस्कोच्या ‘सीडीएस-आयसिस’मुळे. लहान संगणकावर चालणारी तिची आवृत्ती १९८५ साली आली. ‘निस्सात’ या केंद्र सरकारच्या योजनेमार्फत तिचा भारतात प्रसार झाला. ग्रंथपालांची एक सबंध पिढी तिच्यावर शिकली. ती फुकट मिळे. पण तिची आज्ञावली मात्र वापरणाऱ्याला पाहायला मिळत नसे. फुकट आणि मुक्त यांतला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुकट मिळालेली वस्तू बिघडली, तर देणाऱ्याची वाट पाहावी लागते. मुक्त वस्तू आपण किंवा आपला कुणी जाणकार उघडून दुरुस्त करू शकतो.

त्यानंतर देशी कंपन्यांच्या प्रणाली आल्या. उत्तरेत ‘लिबसिस’ आणि आपल्या पुण्यात तयार झालेली ‘स्लिम’ ही त्यांतली ठळक नावे. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’ने ‘सोल’ तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००० साली आणि दुसरी २००९ साली आली. सरकारी ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ दिली. या सर्वांनी आपापल्या परीने मोलाचे काम केले. संगणकाचे नाव काढताच घाबरणाऱ्या ग्रंथपालांना त्यांनी हाताला धरून पडद्यासमोर बसवले, हे विसरून चालणार नाही.

आता कोहाची गोष्ट. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वेलिंग्टन या राजधानीच्या उत्तरेला होरोफेनुआ नावाचा जिल्हा आहे. शेतीभातीचा, लहान वस्तीचा भाग. तेथील सार्वजनिक वाचनालये तेव्हा एक न्यास चालवत असे. मुख्य वाचनालय लेव्हिन या गावी, शाखा फॉक्सटन आणि शॅनन येथे. १९९९ साली हा न्यास मोठ्या पेचात सापडला. त्यांची प्रणाली बारा वर्षांची जुनी होती, तिला आता कुणी वाली उरला नव्हता आणि ती वर्षाचे दोनच आकडे मोजत असे.

ज्यांना ‘वायटूके’ची धास्ती आठवते, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. २० डिसेंबर १९९९ रोजी दिलेले पुस्तक ३ जानेवारीला परत यायचे असेल, तर संगणकाच्या लेखी ते वर्ष ‘शून्य शून्य’. आता ही तारीख पुढची की शंभर वर्षे मागची, हे त्याला कसे कळावे? देवघेव आणि विलंब शुल्क या दोन्ही गोष्टी तारखेवर उभ्या. म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी कारभार ठप्प.

बाजारातल्या प्रणाली या लहान न्यासाच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. त्यांना मोठी यंत्रे आणि शाखांना जोडणाऱ्या महागड्या वाहिन्या लागत. न्यासाला मात्र शाखांचे काम साध्या टेलिफोनच्या तारेवर चालायला हवे होते. रोझाली ब्लेक तेव्हा प्रमुख ग्रंथपाल होत्या आणि जोआन रॅन्सम त्यांच्या सहकारी. सल्ल्यासाठी त्यांनी वेलिंग्टनच्या ‘कातिपो’ या छोट्या कंपनीला बोलावले. कातिपो हे तिकडच्या एका विषारी कोळ्याचे नाव. कंपनी जाळ्यावरची, म्हणजे इंटरनेटवरची कामे करी. बाजारातले काही बसत नसेल, तर लिनक्सच्या आधाराने आपणच नवी प्रणाली बांधू, असे त्यांनी सुचवले. हातात जेमतेम चार महिने होते. ख्रिस कॉरमॅक हा तरुण आज्ञावलीकार कामाला लागला. ग्रंथपालांनी काउंटरवर काय काय घडते ते सांगायचे आणि त्याने ते बांधत जायचे. ३ जानेवारी २००० रोजी लेव्हिनच्या वाचनालयात नव्या प्रणालीवर देवघेव सुरू झाली.

इथे गोष्ट संपली असती, तर तुम्हाआम्हाला तिचा पत्ताही लागला नसता. पण न्यासापुढे पुढचा प्रश्न होता. जगात एकाच ग्रंथालयात चालणारी प्रणाली आपण बांधली. उद्या कातिपो बंद पडली तर? आपण पुन्हा अनाथ. शिवाय प्रणाली विकत फिरणे हा वाचनालयाचा धंदा नव्हे. त्यावर उपाय असा निघाला, की ती सगळ्यांना देऊन टाकावी. ज्यांना ती आवडेल ते वापरतील, वापरतील ते सुधारतील आणि सुधारणा आपल्यालाही मिळतील. त्याच वर्षी ती ‘जीपीएल’ परवान्याखाली खुली झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली आणलेला हा परवाना. वापरा, पाहा, बदला, वाटा; मात्र बदल करून पुढे द्याल, तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या, हे त्याचे सार. आहेराच्या वहीची परंपराच जणू कायद्याच्या भाषेत! कोहा हे नाव किती नेमके आहे, ते यावरून कळावे.

परतीचा आहेर यायला फार काळ लागला नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाला कोहा आवडली. पण पहिल्या कोहाला मार्क येत नव्हते. त्या ग्रंथालयाने तेवढ्या कामासाठी पैसे दिले, फ्रान्समधील पॉल पुलँ यांनी त्यात मोठा वाटा उचलला आणि ती सोय सर्वांना मिळाली, लेव्हिनलाही! पुढे युनिकोडची सोय आली आणि देवनागरी, अरबी, चिनी अशा लिप्यांची दारे उघडली. आमच्या वाचनालयातल्या त्या दुसऱ्या कुलपाची ही किल्ली. युनिकोडमध्ये ‘क’ हा कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फाँटमध्ये ‘क’च राहतो.

याच काळात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने वेगळे उदाहरण घालून दिले. तिथल्या अडीचशेहून अधिक ग्रंथालयांचे जाळे सांभाळेल अशी प्रणाली बाजारात मनासारखी मिळेना, तेव्हा राज्याच्या ग्रंथालय सेवेने स्वतःच ‘एव्हरग्रीन’ नावाची मुक्त प्रणाली बांधली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ती चालू केली. मुक्त प्रणाली फक्त खेड्यातल्या गरीब वाचनालयासाठी असते, हा समज त्यामुळे दूर झाला. आपल्याकडे हैदराबादची ‘न्यूजेनलिब’ही जानेवारी २००८ मध्ये मुक्त झाली.

आता नाण्याची दुसरी बाजू. मुक्त म्हटले म्हणजे सारे आलबेल, असे समजू नका. कोहाची सेवा देण्यासाठी अमेरिकेत २००५ साली ‘लिबलाइम’ ही कंपनी निघाली. २००७ मध्ये तिने कातिपोचा कोहा विभाग विकत घेतला. त्यामुळे संकेतस्थळासारख्या सामायिक गोष्टी तिच्या हाती गेल्या. २००९ साली तिने कोहाची आपल्या ग्राहकांपुरती वेगळी आवृत्ती जाहीर केली. जगभरच्या ग्रंथपालांत खळबळ माजली. २०१० साली ही कंपनी ‘पीटीएफएस’ या दुसऱ्या कंपनीने घेतली. तोवर लोकांनी वेगळे संकेतस्थळ उभारून काम पुढे नेले होते आणि सामायिक मालमत्ता सांभाळण्यासाठी मूळच्या होरोफेनुआ न्यासाचीच निवड केली होती.

२०११ साली तर कमाल झाली. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या ठाण्यात भरली. विद्या प्रसारक मंडळ यजमान होते आणि देशोदेशीचे कोहावाले तिथे जमले होते. मंडळी घरी परतून थोडे दिवस होतात न होतात, तोच बातमी आली, की न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क त्या अमेरिकी कंपनीला मिळण्याच्या बेतात आहे. माओरी लोकांचा रोजचा शब्द आणि त्याच देशातल्या वाचनालयाने दिलेल्या भेटीचे नाव! उद्या कुणी ‘आहेर’ या शब्दाची मालकी सांगितली तर आपल्याला काय वाटेल? न्यासाने मदतीचे आवाहन केले आणि जगभरातून लहानलहान देणग्या आल्या. हे नाव आम्ही ना-नफा संस्थेकडे सोपवू, असे कंपनी म्हणाली खरी. पण प्रकरण बरेच लांबले. अखेर तिचा दावा न्यूझीलंडमध्ये टिकला नाही.

या प्रकरणातून मी एक धडा घेतो. आज्ञावली कुणाला हिरावून घेता आली नाही, कारण परवान्याने ती सगळ्यांची करून ठेवली होती. नाव आणि संकेतस्थळ यांच्याविषयी मात्र वेळीच लेखी व्यवस्था नव्हती, म्हणून तिथे भांडण झाले. लेखी असते तेच आडवेळी उपयोगी पडते.

मालकी हक्काच्या बाजूला काय चालले होते? तिथे एक कंपनी दुसरीला गिळत होती. अमेरिकेतील ‘डायनिक्स’ हे एके काळी फार मोठे नाव. ती २००५ साली ‘सिर्सी’त विलीन झाली. तिची ‘होरायझन’ प्रणाली वापरणारी ग्रंथालये पुढच्या आवृत्तीची वर्षानुवर्षे वाट पाहत होती. मार्च २००७ मध्ये कंपनीने सांगितले, की ती आवृत्ती आता येणार नाही. ग्रंथालयांचा काही गुन्हा नव्हता. दोन प्रणालींचा खर्च एका कंपनीला नको होता, इतकेच. ‘एक्स लिब्रिस’ २०१५ साली ‘प्रोक्वेस्ट’कडे गेली. ‘इनोव्हेटिव्ह’ ही जुनी कंपनी २०२० साली ‘एक्स लिब्रिस’ने घेतली आणि २०२१ साली ‘प्रोक्वेस्ट’च ‘क्लॅरिव्हेट’ने विकत घेतली. एकाच प्रणालीवर बसलेल्या ग्रंथालयाचे मालक सात वर्षांत दोनदा बदलले! ग्रंथपालाला कुणी विचारलेही नाही.

मग सर्वांनी डोळे मिटून मुक्त प्रणालीच घ्यावी का? मी तसे म्हणणार नाही. मुक्त प्रणालीला परवान्याचे पैसे पडत नाहीत; पण ती चालवायला सर्व्हर लागतो, वीज लागते, रोज नोंदींची प्रत काढून ठेवणारा माणूस लागतो, लिनक्स जाणणारा कुणी हाकेच्या अंतरावर लागतो. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते; ती बसवायलाही कुणी हवा. मी अशी महाविद्यालये पाहिली आहेत, जिथे एका हौशी शिक्षकाने कोहा बसवली, त्यांची बदली झाली आणि पुढे कुणी तिला हात लावायला धजेना. तिथे विक्रेता पळाला नव्हता. पण ग्रंथालय अडकले ते अडकलेच. पाच हजार पुस्तके आणि अर्धवेळ सेवक असलेल्या वाचनालयाला, फोन करताच माणूस पाठवणारी जवळची कंपनी कदाचित अधिक सोयीची पडेल. त्यात कमीपणा काही नाही.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. हे अनुदान किती तुटपुंजे आणि किती उशिरा येते, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. अशा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे प्रणालीचा विषय येतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याला?’ माझी विनंती आहे, की हा प्रश्न चौथा ठेवा.

पहिला प्रश्न विचारा, उद्या आम्ही निघालो तर आमच्या नोंदी बरोबर नेता येतील का? आणि तोंडी उत्तरावर विसंबू नका. प्रात्यक्षिकाच्या दिवशीच शंभर पुस्तकांच्या नोंदी भरायला लावा, त्या मार्कच्या मांडणीत बाहेर काढून मागा आणि दुसऱ्या प्रणालीत उघडून पाहा. दुसरा प्रश्न, मराठी युनिकोडमध्येच साठवली जाते ना? ‘ज्ञानेश्वर’ शोधले तर सापडतात का? तिसरा प्रश्न, बिघाड झाला तर कोण येईल, आणि तो आला नाही तर दुसरे कोण येऊ शकेल? मुक्त प्रणालीचे खरे बळ या तिसऱ्या प्रश्नात आहे. आजचा सेवा देणारा आवडला नाही, तर प्रणाली तीच ठेवून माणूस बदलता येतो. पण तसा दुसरा माणूस आपल्या जिल्ह्यात आहे का, हेही पाहायला हवे. आणि मग चौथा प्रश्न, पाच वर्षांचा मिळून खर्च किती? पहिल्या दिवसाची किंमत नव्हे, पाच वर्षांची.

असो. त्या तालुक्याच्या वाचनालयाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. ग्रंथपालबाईंना सगळ्या नोंदी नव्याने करायला तीन वर्षे लागली. या वेळी त्या युनिकोडमध्ये केल्या आणि मंडळात बरीच वादावादी होऊन कोहा घ्यायचे ठरले. सचिवांचा शेवटपर्यंत विरोध होता. ‘ज्याला धनी नाही त्याचा भरवसा काय?’ असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून बाईंनी दर शनिवारी नोंदींची एक प्रत काढून सचिवांच्याच घरच्या कपाटात ठेवायचा नियम केला. तो अजून पाळला जातो.

दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या वाचनालयाने संगणक घेतला. त्यांच्याकडची बरीचशी पुस्तके तीच होती. मराठी वाचनालयांत कादंबऱ्या आणि चरित्रे थोड्याफार फरकाने सारखीच असतात. बाईंनी आपल्या नोंदींची फाइल त्यांना देऊन टाकली. त्यांना फक्त आपले दाखल क्रमांक भरायचे उरले. वर्षाचे काम दोन महिन्यांत झाले. पैसे किती द्यायचे, असे त्या मंडळींनी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘पैसे नकोत. आमच्याकडे नसलेल्या पुस्तकांच्या नोंदी तुम्ही कराल, त्या तेवढ्या आम्हाला पाठवा.’

त्या पाठवतात, अधूनमधून, पेन ड्राइव्हवर. बाईंनी त्यांची एका वहीत नोंद ठेवली आहे.